एका चटईचीही जागा नको

ताकोराडी या बंदराच्या गावी, मार्केट सर्कलला, टायरच्या दुकानाला लागून माझी छत्री आहे. छत्रीखाली एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि ‘खोल्या, घरं, प्लॉट – एबोला विचारा’ अशी पाटी. त्यातला ‘प्लॉट’ शोभेचा. आजवर मी एकही विकलेला नाही. एकुआ बेन्टसिल तिथे आली आणि न विचारता माझ्याच खुर्चीत बसली.

“तूच का तो एबो?”

“हो, आंटी.”

“चोर आहेस म्हणतात.”

“सगळेच एजंट चोर, आंटी. मी त्यातल्या त्यात स्वस्त.”

“बरं. मला खोली हवीय. लहान.”

“लहान म्हणजे? एक खोली आणि हॉल?”

“हॉल नको. व्हरांडा नको. एक पलंग बसला पाहिजे, आणि पलंग टाकल्यावर खाली एक चटईसुद्धा पसरता येता कामा नये.”

मी कानात बोट घालून हलवलं. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणतं, एबो, जरा मोठी बघ, जरा हवेशीर बघ. लहान मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि हिला तर मी ओळखत होतो. आमची अर्धी एफियाकुमा वस्ती हिची केंकी खाऊन वाढलीय, त्यात मीही आलो. हिचं सात खोल्यांचं घर होतं, अंगणासकट.

“कुणासाठी बघताय?”

“माझ्यासाठी. घर विकलं.”

मी खुर्ची थोडी मागे सरकवली. आमच्याकडे माणूस गाडी विकतो, जमीन विकतो, अगदीच वेळ आली तर बायकोची चांगली लुगडी विकतो, पण घर विकत नाही. घर बांधता बांधता लोक मरतात आणि छप्पर मयतानंतर चढतं. ज्याने घर विकलं त्याचं दिवाळं निघालंय, नाहीतर त्याला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय, नाहीतर त्याच्यावर कुणीतरी करणी केलीय, असंच धरून चालायचं.

“घाबरू नकोस,” आंटी म्हणाली. “मी ठणठणीत आहे. म्हणून तर विकलं.”

ते घर तिने केंकीवर बांधलं होतं. मका भिजवायचा, आंबवायचा, त्याचे गोळे केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून ड्रमएवढ्या हंड्यात उकडायचे आणि बंदरावरच्या हमालांच्या पोटात घालायचे. असं करत एकेक खोली वर आली. नवरा लाकूड नेणाऱ्या जहाजावरून आबिजानला गेला होता तो तिथेच दुसरीच्या चुलीपाशी बसला. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दर खोलीवर पत्रे चढले, की गिलावा वाळायच्या आत तिथे एक नातेवाईक उगवायचा.

पहिला आला फिफी, तिच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात घराणं आईकडून चालतं, तेव्हा बहिणीचा मुलगा म्हणजे पोटच्या पोरापेक्षा वरचढ. तो म्हणाला, “बंदरात नोकरी शोधतोय, दोन आठवडे राहतो.” नोकरी काही सापडली नाही, पण फिफीच्या दाढीत पांढरे केस सापडायला लागले. मग त्याची बायको आली. मग बायकोची बहीण, तिला शिवणकाम शिकायचं होतं. मग शिवणाचं मशीन. कुणाचा तरी मेव्हणा फक्त एका मयतासाठी आला होता. शनिवारी माणूस पुरला, रविवारी आभाराची प्रार्थना झाली, आणि सोमवारी हा आंटीच्या अंगणात दात घासत उभा. वीज आधी पैसे भरून कार्डावर घ्यायची, आणि ते कार्ड आंटीने भरायचं. वीज संपली की सातही खोल्यांतून एकच हाक यायची, “आंटीऽऽ, लाइट!” शेवटी शेवटी ती मक्याच्या पोत्यांच्या खोलीत झोपायची. म्हणायची, मका निदान घोरत तरी नाही.

एका सकाळी तिच्या पोटात कळ आली. संडासापुढे ही रांग. आंटीच्या पुढे एक पोरगी उभी, डोक्याला जाळी, हातात ब्रश, खांद्यावर आंटीचाच टॉवेल. तिला आंटीने जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

“पोरी, मला जरा घाई आहे गं.”

“घाई सगळ्यांनाच आहे, आंटी. तुम्ही कुणाकडे आलाय?”

“मी रांगेतून बाहेर पडले,” आंटीने मला सांगितलं, “शेजारणीकडे जाऊन मोकळी झाले, आणि परत येताना ठरवूनच आले.”

एका प्रार्थनामंडळाचा पास्टर तेव्हा जागा शोधत होता. त्याने घर पाहिलं, अंगण पाहिलं, अंगणातली माणसं पाहिली. “आणि ही मंडळी?” आंटी म्हणाली, “माणसांसकट विकतेय. म्हणून तर एवढ्यात देतेय.” पास्टर म्हणाला, “देव त्यांना वाट दाखवेल.” देवाने आधी चार लाउडस्पीकर दाखवले. संध्याकाळपासून उजाडेपर्यंत अंगणात सैतान हाकलायची प्रार्थना सुरू झाली, आणि पास्टर नेमका फिफीच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायचा, “नीघ! या वास्तूतून नीघ!” आठवडा संपायच्या आत फिफी निघाला. सैतानाचं काय झालं ठाऊक नाही.

आंटीचं हे सांगून होतंय तोच घराण्याचे प्रमुख, एग्या क्वांसा, थेट माझ्या छत्रीखाली हजर. खांद्यावरून भारी कापड सोडलेलं, हातात काठी. मला म्हणाले, “तू ऊठ.” मी उठलो. माझ्या खुर्च्यांवर मला बसायला मिळतच नाही.

“एकुआ, घर हे घराण्याचं असतं.”

“माझ्यानंतर.”

“मग थांबायचं होतं ना थोडं!”

“कशासाठी? मी मरायची वाट बघत?”

“असं कोण म्हणतंय?”

“फिफी म्हणतो. गुत्त्यावर बसून त्याने सगळ्या खोल्या वाटूनही टाकल्या होत्या. माझ्या पोत्यांच्या खोलीत तो कोंबड्या ठेवणार होता.”

एग्या क्वांसांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. कोंबड्यांचं त्यांना ठाऊक असावं. “बरं, झालं ते झालं. पैसे कुठे आहेत?”

“बँकेत. तिथे चटई टाकून कुणाला झोपता येत नाही.”

किल्ल्या पास्टरच्या हवाली केल्यामुळे आंटीला टेकायला जागा नव्हती. “दोन दिवस तुझ्या हॉलमध्ये पडते,” ती म्हणाली. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मी हो म्हणालो. ती आली एका पिशवीनिशी, आणि काखेत गुंडाळलेली एक चटई.

दुसऱ्या दिवसापासून आमची वणवण सुरू झाली. पहिलं घर आनाजीला, निवृत्त हेडमास्तरीण मिसेस एसिलफी यांचं. गेटवरच नियमांचा बोर्ड, आणि तो वाचता येत असला तरी बाई तो स्वतः वाचून दाखवतात.

“फुफूसाठी उखळात कंद कुटायचे नाहीत, फरशी तडकते. मासे तळायचे नाहीत. मोठ्याने प्रार्थना नाही, आणि हळू असली तरी फार वेळ नाही. पाहुणे फक्त रविवारी, तेही दोन.”

“दोन?” आंटीचं तोंड उतरलं. “दोन कशाला? एकही नको!”

मिसेस एसिलफींना आयुष्यात पहिल्यांदा मनासारखी विद्यार्थिनी भेटली. त्या चक्क हसल्या. “वा! आणि आपण करता काय?”

“केंकी.”

“म्हणजे चूल?”

“तीन चुली. पण पाहुणा एकही नाही, मॅडम.”

गेट इतक्या जोरात बंद झालं की बोर्ड वाकडा झाला.

दुसरं घर क्वेसिमिन्त्सिमला, एका विधुराचं. त्याने आंटीला आपादमस्तक पाहिलं, मग शर्टाचं वरचं बटण लावलं. “तुमच्याकडून कसलं भाडं घ्यायचं? तुम्ही रांधा, मी खाईन. दोघांचं भागेल.”

“दादा,” आंटी म्हणाली, “फुकट रांधून घालायचं असतं तर सात खोल्या काय वाईट होत्या? निदान तिथे सगळ्यांना दात तरी होते.”

बाकीच्या घरांचं काय सांगू? खोली चांगली असायची, भाडं परवडायचं, मालक राजी व्हायचा. मग आंटी काखेतली चटई काढायची आणि जमिनीवर पसरून बघायची. पसरली की खोली नापास. “इथे फिफी मावतो.” पुढच्या खोलीत, “इथे फिफीची बायको मावते, कुशीवर झोपली तर.” मालकांना वाटायचं, ही बाई जमिनीवर काहीतरी करणी करतेय. एकीने तर आम्ही निघताना मागून मीठ फेकलं. त्यात घर का विकलं, या प्रश्नाला आंटी खरं उत्तर द्यायची, आणि ते कुणालाही पटायचं नाही.

“आंटी, जरा खोटं बोला ना,” मी म्हणालो. “सांगा, बहिणीच्या ऑपरेशनला पैसे लागले.”

“बहीण कधीच गेली. आणि असती तरी तिला का वाचवू? फिफी तिचाच ना?”

हे चाललं असताना माझ्या घरी काय चाललं होतं? सुरुवातीला माझी बायको अराबा खुशीत होती. आंटीच्या हाताचं पाम-नटचं सूप म्हणजे काय सांगू! पण ते सूप दोनदाच झालं. नंतर आंटी पाहुणी झाली. सकाळी न्हाणीत शिरायची ती बाहेरून कुणी दार ठोठावेपर्यंत गाणी म्हणायची. टीव्ही तिच्या चटईसमोर आणून ठेवला होता. माझ्या कपातून चहा, माझ्या खुर्चीत बैठक, आणि अराबाच्या सुपाला, “मीठ चाललं असतं अजून.” एकदा वीज गेली. मी अंधारात कार्ड शोधत होतो, तर हॉलमधून आवाज आला, “एबोऽऽ, लाइट!”

अराबा मला म्हणाली, “ही जाणार कधी?”

“दोन दिवस म्हणाली होती.”

“ते गेल्या महिन्यातले दोन दिवस. आज तू विचारतोस, की मी माझ्या आईकडे जाऊ?”

मी तिच्या आईचा विचार केला. ती अराबाला परत सोडायला येते आणि इथेच राहते. म्हणून नाश्त्याला हिंमत केली. आंटी माझ्या खुर्चीत बसून पेज पीत होती.

“आंटी, एक विचारू? फिफी आला तेव्हा किती दिवसांसाठी आला होता?”

“दोन आठवडे. मेला.”

“आणि तुम्ही?”

वाडगा तोंडापाशी थांबला. अराबा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हळूच आत सरकली. मला वाटलं आता वाडगा माझ्या डोक्यात येणार. आंटीने तो खाली ठेवला, हॉलभर नजर फिरवली. चटई, टीव्ही, खिडकीत वाळत घातलेली तिची साडेतीन वारांची कापडं. आणि ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, पेज नाकात गेली.

“देवाशपथ, एबो! इतकी वर्षं त्या पोराला मी शिव्या घातल्या, पण हे इतकं सुखाचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही! उठावं तर लाइट असतो. झाकण काढावं तर सूप असतं. कार्ड कुणीतरी भरतं, भांडी कुणीतरी घासतं. अरे, कशाला जाईल माणूस? मीसुद्धा नसते गेले!”

तिने कापडाच्या टोकाने डोळे पुसले, आणि पुसतच राहिली. मग मला कळलं की आता ती हसत नाहीय.

“आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची,” ती म्हणाली. “तेव्हापासून दार उघडायचं काम माझ्याकडे. मी कधी कुणाचं दार वाजवलंच नाही रे.”

अराबा आली आणि तिने वाडग्यात आणखी पेज ओतली. आंटीने ती संपवली, “साखर कमी आहे,” म्हणाली आणि उठली. त्या दिवशी न्हाणीतून ती दोन मिनिटांत बाहेर आली. “चल. आज खोली घेतल्याशिवाय मी या घरात परत पाऊल टाकणार नाही.”

आता माझ्याकडे एकच खोली उरली होती, जी मी कुणाला दाखवत नाही. न्यू ताकोराडीला, मासे ठेवायच्या कोल्ड स्टोअरच्या मागे, पापा अर्हिनच्या आवारात. पापा अर्हिन बंदरावर क्रेन चालवायचे. आयुष्यभर उंचावर एकटे बसून खालच्यांना शिव्या द्यायची सवय. निवृत्त झाल्यावर उंची गेली, सवय राहिली. एक भाडेकरू शिंकला म्हणून त्याला बाहेर काढलेला. सगळे एजंट त्या गल्लीतून जाताना चप्पल हातात घेऊन जातात.

पापा दारातच बनियनवर उभे होते. “एबो? तू अजून जिवंत आहेस?”

“खोलीसाठी आलोय, पापा.”

“खोली नाही. असली तरी नाही. ही कोण?”

“भाडेकरू,” आंटी म्हणाली. “माझ्याकडे पाहुणे आले तर काय करता?”

“हाकलतो.”

“भाचा आला तर?”

“भाचा असो, नाहीतर बिशप असो.”

“तो निर्लज्ज आहे. नुसत्या शिव्यांनी हलायचा नाही.”

पापांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मासे धुतलेल्या पाण्याची बादली भरलेली होती. “हे अंगावर पडलं की साबणाच्या चार वड्या झिजवाव्या लागतात.”

आंटीने बादलीत वाकून वास घेतला आणि मान डोलावली. मग आत जाऊन चटई पसरली. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये ती उलगडेचना. दोन्ही कडा वर वळून अशी पन्हळ झाली. आंटीने तिच्यावर पाय दाबून पाहिला. चटईची परत गुंडाळी झाली. तिचा चेहरा असा खुलला, जसं काही समुद्रासमोरचा बंगलाच मिळाला.

“मी केंकी करते. धूर होतो.”

“माशांच्या वासापुढे धुराचं काय घेऊन बसलीस? पण मला रोज दोन गोळे लागतील. आणि तिखट चटणी माझी मी करणार, बायकांना येत नाही.”

“विकत घ्या. फुकट मी कुणालाही देत नाही.”

पापा तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं, त्यांनाही पहिल्यांदाच कुणीतरी मनासारखं भेटलं असावं. त्या दोघांनी दोन वर्षांच्या ॲडव्हान्सवरून जे भांडण केलं, ते ऐकायला कोल्ड स्टोअरची माणसं बर्फ सोडून बाहेर आली. शेवटी आंटीने एक वर्षाचा दिला. असं पापा अर्हिनकडून कुणी कधी करवून घेतलेलं नाही.

फिफी पहिल्याच महिन्यात आला. मी तिथे नव्हतो, पण गल्लीने सांगितलं. दाराशी गुडघे टेकून तो म्हणाला, “आंटी, मी तुझाच ना?” आंटी आतून ओरडली, “पापाऽऽ!” बादली रिकामी झाली. पण एक सांगायला हवं. फिफी भिजल्यावर आंटी स्वतः बाहेर आली, त्याला साबण दिला, नळ दाखवला, तो पुसून कोरडा होईपर्यंत उभी राहिली, आणि मगच म्हणाली, “आता जा.” जाताना त्याने केंकी मागितली. तिने दिली आणि हात पुढे केला. फिफीने खिसे चाचपले. “उद्या आण,” ती म्हणाली. त्याने पैसे आणले, उद्या नाही, पण आणले. तोवर त्याला बंदरात काम मिळालं होतं, गोणी मोजायचं. बंदर इतकी वर्षं होतं तिथेच होतं, पण फिफीला आता स्वतःचं भाडं भरायचं होतं.

एक वर्ष झालं, दुसरं झालं. आंटीचा धंदा त्या गल्लीत चांगला बसला. कोल्ड स्टोअरला ट्रक येतात, ड्रायव्हर उपाशी असतात. आणि तिला एक नवीन छंद लागला. नात्यात बारसं असो, मयत असो, ती आधीच्या दिवशी पिशवी घेऊन जाते आणि आठवडाभर राहते. पलंगावर झोपते, यजमान खाली. कार्ड संपलं की आवाज देते. सुपाला नावं ठेवते. आठव्या दिवशी मात्र न सांगता उठून जाते, म्हणून लोक तिला चक्क बोलावतात.

मागच्या ईस्टरच्या सुमाराला एग्या क्वांसा पुन्हा आले, या वेळी मला सोबत घेऊन. फिफी होता, त्याची बायको होती. फिफीने आनाजीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आवारात सगळे उभे राहिले, आणि एग्या क्वांसांनी घसा साफ केला.

“एकुआ, आता वय झालं. घराण्याला शोभत नाही हे. फिफीकडे एक खोली रिकामी आहे, तू कायमची ये.”

आंटी पानं गुंडाळत होती. “रिकामी किती आहे?”

“चांगली मोठी आहे, आंटी,” फिफी म्हणाला. “खिडकी आहे. कार्ड मी भरीन.”

त्याचा आवाज खरा होता, मी शपथेवर सांगतो. आंटीचे हात थांबले. तिने फिफीकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ही जाणार त्याच्याबरोबर.

“जूनमध्ये येते,” ती म्हणाली. “आठ दिवस. मासे ताजे आण, मागच्या वेळी शिळे होते. कायमचं नाही रे बाबा. इथे कुणी मला विचारत नाही, मी कुणाकडे आलेय.”

“पण हे घर परक्याचं!” एग्या क्वांसांनी काठी आपटली. “उद्या हा म्हातारा तुला हाकलेल!”

“कोण म्हातारा?” आतून आवाज आला.

मी फिफीचा दंड धरला आणि दोघंही बाजूला उडी मारून कोल्ड स्टोअरच्या भिंतीला चिकटलो. एग्या क्वांसांना या घराची रीत ठाऊक नव्हती. ते आपल्या भारी कापडात, काठी उंचावून, घराण्याच्या अब्रूबद्दल पुढचं वाक्य जुळवत तिथेच उभे राहिले.

नंतर त्यांच्या भारी कापडातून माशांचं पाणी निथळत होतं. नाकावरून एक खवला ओघळत होता. शेवटी हलक्या आवाजात म्हणाले, “एकुआ, टॉवेल आहे का?”

“आहे,” आंटी म्हणाली. “पण माझा आहे. धुऊन परत आणायचा.”